खेळ संपतो, शब्द उरतो
(खेळांच्या परिभाषेतून व्यवहारात आलेल्या मराठी व इंग्रजी वाक्प्रचारांचा परिचय)

आमच्या निवासी शाळेतून शिकून पुण्यातील एका कंपनीत नोकरीस लागलेल्या एका माजी विद्यार्थ्याचा काही काळापूर्वी आम्हांस दूरध्वनी आला. नोकरीचा तो पहिलाच महिना होता. जयभीम झाल्यावर थोडा वेळ तो इकडचे तिकडचे बोलत राहिला आणि मग म्हणाला, "सर, परवा बैठकीत साहेबांनी एका कामाच्या खर्चाची 'बॉलपार्क फिगर' मागितली. मी रात्रभर बसून पै-पैचा हिशेब तयार केला आणि सकाळी नेऊन दिला. सगळे हसले. त्यांना नुसता अंदाज हवा होता, तोही तेथल्या तेथे. सर, दहावीला इंग्रजीत मला चांगले गुण होते. मग माझे इंग्रजी कच्चे कोठे राहिले?"

आम्ही त्याला एवढेच सांगितले की, बाळा, तुझे इंग्रजी कच्चे नाही. तू तो खेळ पाहिलेला नाहीस.

दूरध्वनीवर एवढ्या उत्तराने त्याचे समाधान झाले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्याच्यासारखी अनेक मुले-मुली आज वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील खेड्यांतून निघून पुण्या-मुंबईस, बंगळूरास आणि त्याही पलीकडे पोहोचली आहेत. त्यांतील कित्येकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. त्यांच्यासाठी, त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी आणि पालकांसाठी ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडावे, असे आम्ही भाषा-शिक्षकांनी ठरविले.

१. वाक्प्रचाराच्या पोटात खेळ असतो

'आठवडाभर विजेचा लपंडाव चालू आहे,' हे वाक्य आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. मराठी नव्याने शिकणाऱ्या परदेशी मनुष्याने ते ऐकले, तर शब्दकोशात त्याला 'वीज' सापडेल, 'लपंडाव' म्हणजे मुलांचा एक खेळ हेही सापडेल. पण वीज कोठे लपून बसली आणि तिच्यावर कोणाचे राज्य आहे, हे काही त्याला उमगणार नाही. ज्याने अंगणात लपंडाव खेळला आहे, त्याला मात्र या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेपेक्षा वेगळा असतो, हे आपण व्याकरणात शिकलो आहोत. खेळातून आलेल्या वाक्प्रचारात आणखी एक गोष्ट असते. त्याच्या तळाशी खेळाचा एखादा नियम, एखादी चाल किंवा मैदानावरचा एखादा क्षण दडलेला असतो. तो ठाऊक असला की अर्थ आपोआप उलगडतो. ठाऊक नसला की शब्द ओळखीचे असूनही वाक्य परके वाटते. म्हणून इंग्रजीकडे जाण्यापूर्वी आपल्याच मैदानावरून एक फेरी मारू.

२. मराठीचे मैदान

आपल्या भाषेवर सर्वांत ठळक ठसा आहे तो लाल मातीचा. 'शड्डू ठोकणे', 'दंड थोपटणे', 'आखाड्यात उतरणे', 'डावपेच लढविणे', 'चितपट करणे', 'अस्मान दाखविणे', 'धोबीपछाड देणे' हे सारे प्रयोग कुस्तीचे. पाठ जमिनीला टेकली की मल्लाचे तोंड आभाळाकडे होते. 'अस्मान दाखविणे' या प्रयोगात तो क्षण जसाच्या तसा टिपलेला आहे. दोन मल्ल एकमेकांचा अंदाज घेत हात झटकतात त्या खडाखडीवरून 'शाब्दिक खडाखडी' आली. आधीच ठरवून केलेली लुटुपुटीची लढत म्हणजे 'नूरा कुस्ती'. राजकारणाच्या बातम्यांत तो शब्द वारंवार भेटतो.

विटीदांडूने, म्हणजे आमच्या वऱ्हाडातील इटीदांडूने, 'टोला' दिला. विटी या टोकाकडून त्या टोकाकडे टोलवावी, तसे एखाद्या कामासाठी आलेल्या माणसाला या टेबलावरून त्या टेबलाकडे पाठविणे म्हणजे 'टोलवाटोलवी'. आपल्या पालकांपैकी ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना या शब्दाचा अर्थ आम्ही शिकवावा असे काही नाही. तेथे आपण विटी असतो, दांडू दुसऱ्याच्या हाती असतो. ही साधी गोष्ट तो एक शब्द नेमकेपणाने सांगतो. याच खेळात कित्येक ठिकाणी टोल्याचे अंतर मोजताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे शब्द वापरीत. तेलुगूतील एक ते चार हे अंक 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' असे आहेत. दोन भाषांच्या सीमेवर एकत्र खेळणाऱ्या मुलांनी केलेली ही देवघेव कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

सोंगट्यांच्या पटावरून 'फासे उलटे पडणे', 'दान पडणे', 'पणाला लावणे' हे प्रयोग आले. 'पोबारा' हेही मुळात फाशांचे दान, पौ आणि बारा. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणे. मराठीत मात्र 'पोबारा करणे' म्हणजे पळून जाणे. दान एकच, पण शेजारच्या दोन भाषांनी त्याचे अर्थ दोन दिशांना नेले. बुद्धिबळाने 'शह', 'काटशह', 'मात' व 'प्यादे' दिले. 'शाह मात' हा मूळ फारसी प्रयोग. राजा हतबल झाला, असा त्याचा भाव. पत्त्यांनी 'हुकमाचा एक्का' दिला आणि पतंगाने 'ढील देणे'.

मुलांच्या खेळांतील शब्द तर अधिकच बोलके आहेत. खेळात घेतलेले, पण ज्याच्यावर डाव येत नाही असे लहान मूल म्हणजे 'कच्चा लिंबू'. शिवाशिवीत ज्या खांबाला किंवा झाडाला हात लावला की गडी सुरक्षित होतो, तो 'भोज्जा'. त्यावरून 'भोज्ज्याला शिवून येणे' म्हणजे एखाद्या ठिकाणी नावापुरते जाऊन परतणे. हा प्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. आणि 'राज्य' हा शब्द पाहा. मोठ्यांच्या जगात राज्य मिळावे म्हणून धडपड चालते. मुलांच्या खेळात 'तुझ्यावर राज्य' म्हटले की गड्याचे तोंड उतरते, कारण आता इतरांना शोधण्याचे कष्ट त्याचे. राज्य ही मिरविण्याची वस्तू नसून पेलण्याची जबाबदारी आहे, हे आपल्या अंगणातील भाषेला फार पूर्वी कळले होते.

खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात डेक्कन जिमखान्याने लिहून काढले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिला व पुरुष या दोन्ही गटांत भारत विजयी झाला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. कबड्डीच्या बाबतीत तर आपल्या शेजारच्या अमरावतीचे नाव घ्यावे लागते. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले होते. आपले खेळ खेड्यातले म्हणून लहान, असे कोणी समजू नये. त्यांतून आलेले शब्दही तसे समजू नयेत.

परका खेळ आला तेव्हाही मराठी गप्प बसली नाही. इंग्रजांबरोबर क्रिकेट आले आणि आज 'विकेट काढणे', 'गुगली टाकणे', 'षटकार ठोकणे' हे शब्द ज्यांनी हातात बॅट धरलेली नाही अशा आजीबाईंच्याही तोंडी आहेत. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन केले आणि या खेळाची मराठी परिभाषा घरोघरी पोहोचली. 'त्रिफळाचीत' हा शब्द पाहा. खेळ इंग्रजांचा, पण बाद झालेल्या फलंदाजाला मराठीने आपल्या कुस्तीच्या भाषेत 'चीत' केले. परका खेळ आपला करून घेण्याची रीत ही अशी असते.

३. या वारशाचे वय

खेळ आणि भाषा यांचे हे नाते किती जुने आहे, याचा एक पुरावा पाली साहित्यात आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, भिक्खूने ज्या खेळांत वेळ दवडू नये त्यांची यादी दिली आहे. तिचा हेतू संयमाचा. पण आज तीच यादी प्राचीन भारतीय खेळांची मोलाची नोंद ठरली आहे. तीत आठ व दहा घरांच्या ओळींचे पट आहेत, फासे आहेत, पानांच्या भिरभिऱ्या आहेत, खेळण्यातले रथ व धनुष्य आहेत. तीत 'घटिका' नावाचा एक खेळ आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत त्याचा अर्थ सांगितला तो असा: लांब दांड्याने आखूड दांडा मारण्याचा खेळ. म्हणजे आपला इटीदांडूच. याच यादीत 'अक्खरिका' आहे: हवेत किंवा पाठीवर बोटाने अक्षर काढायचे आणि दुसऱ्याने ते ओळखायचे. आमच्या वसतिगृहात रात्री दिवे मालवण्यापूर्वी मुले हा खेळ खेळतात. त्याचे नाव त्रिपिटकात आहे, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले.

फाशांच्या दानांना प्राचीन काळी कृत, त्रेता, द्वापर व कलि अशी नावे होती आणि त्यांत हरणारे दान ते कलि. पुढे हीच नावे चार युगांना मिळाली. 'कलियुग आले,' असे हताशपणे म्हणणारा मनुष्य नकळत जुगाराच्या पटावरचाच शब्द उच्चारीत असतो. धम्मपदाच्या २५२ व्या गाथेत स्वतःचे दोष झाकणाऱ्या माणसाला आपले हरणारे दान लपविणाऱ्या लबाड जुगाऱ्याची उपमा दिलेली आहे. उपदेश लोकांच्या काळजापर्यंत पोहोचावा म्हणून त्यांच्या नित्याच्या पाहण्यातील खेळाचा दाखला द्यावा, ही रीत तेव्हाही होती.

ही चर्चा वाशीमकरांनी करावी, हेही उचितच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या नगराच्या नावावरून प्राकृत साहित्यातील एक शैली 'वच्छोमी' म्हणून ओळखली गेली आणि राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त तिचा उल्लेख केला. ज्या गावाचे नाव भाषेच्या एका शैलीला मिळाले, त्या गावच्या मुलांनी कोणत्याही भाषेपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

४. बेसबॉलचे मैदान

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. कंपन्यांमध्ये बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीवर अमेरिकेचा प्रभाव मोठा आहे, आणि आपल्याकडे जे कुस्ती व क्रिकेटचे, ते तिकडे बेसबॉलचे. म्हणून प्रथम खेळ समजून घेऊ.

दोन संघ, प्रत्येकी नऊ खेळाडू. मैदानावर ९० फूट बाजूचा एक चौकोन असतो. त्याच्या तीन कोपऱ्यांवरील ठाण्यांना पहिला, दुसरा व तिसरा 'बेस' म्हणतात. चौथ्या कोपऱ्यावर 'होम प्लेट' असते. तेथे फलंदाज उभा राहतो. ६० फूट ६ इंचांवरून गोलंदाज, म्हणजे 'पिचर', चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. चेंडू टोलवून फलंदाजाने एकामागून एक तिन्ही ठाण्यांना स्पर्श करीत पुन्हा होम प्लेटवर यायचे. तेव्हा एक धाव होते. टोलविण्याची योग्य संधी तीनदा हुकली, म्हणजे तीन 'स्ट्राइक' झाले, की तो बाद. चेंडू कुंपणापलीकडे गेला की फलंदाज निर्वेधपणे चारही ठाणी फिरून येतो. तो 'होम रन'. एवढे ध्यानात घेतले की पुढील प्रयोग सहज उलगडतात.

'बॉलपार्क फिगर' – बॉलपार्क म्हणजे कुंपण घातलेले बेसबॉलचे मैदान. आकडा नेमक्या जागी नसला तरी चालेल, कुंपणाच्या आत असावा, एवढीच अपेक्षा. म्हणजे ढोबळ आकडा, आपल्याकडील अदमास.

'टच बेस' – धावणारा गडी ठाण्याला क्षणभर स्पर्श करून पुढे जातो, तसा कोणाशी थोडक्यात संपर्क साधणे. आपला भोज्जा येथे आठवावा. मात्र एक भेद आहे. 'भोज्ज्याला शिवून येणे' यात आपण किंचित उपहास करतो. 'टच बेस' यात उपहास नाही. 'उद्या टच बेस करू' म्हणजे उद्या दोन मिनिटे बोलून घेऊ.

'स्टेप अप टू द प्लेट' – आपली पाळी आली की फलंदाजाने होम प्लेटपाशी जाऊन उभे राहायचे. म्हणजे जबाबदारी स्वीकारून पुढे होणे. वरिष्ठ असे म्हणाले, तर ते काम आपण अंगावर घ्यावे, अशी त्यांची इच्छा असते.

'कर्व्हबॉल' – हवेत अचानक वळणारा चेंडू. मुलाखतीत अनपेक्षित प्रश्न आला, तर 'कर्व्हबॉल टाकला' म्हणतात. आपण 'गुगली टाकली' म्हणतो.

'स्ट्राइक आउट' – तिन्ही संधी हुकणे, म्हणजे प्रयत्न साफ फसणे. 'पहिल्या बेसपर्यंतही पोहोचलो नाही' म्हणजे कामाचा श्रीगणेशाही झाला नाही.

'राइट ऑफ द बॅट' – चेंडू बॅटवरून सुटावा तसा, म्हणजे तत्क्षणी.

'कव्हर ऑल द बेसेस' – सर्व ठाण्यांवर आपला गडी उभा ठेवणे, म्हणजे कोणतीही बाजू मोकळी न सोडता तयारी करणे.

'पिंच हिटर' – ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी फलंदाजीस उतरणारा बदली गडी. ऑफिसात कोणी रजेवर गेला आणि त्याचे काम तुम्ही सांभाळले, की तुम्ही 'पिंच हिट' केले.

'रेन चेक' – या प्रयोगाने अनेकांची फसगत होते. पावसाने सामना थांबला, तर प्रेक्षकाला पुढील सामन्यास येण्यासाठी जी चिठ्ठी मिळे, ती 'रेन चेक'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली. चहाला बोलावल्यावर सहकारी म्हणाला, 'आय विल टेक अ रेन चेक', तर पावसाशी त्याचा काही संबंध नाही. आज जमणार नाही, पण पुढे नक्की येईन, असा तो सौजन्याचा नकार आहे. त्याचा राग धरू नये.

या यादीत एकही शब्द अवघड नाही. 'बेस', 'बॅट', 'बॉल', 'प्लेट' हे शब्द आपली पाचवीतील मुलेही जाणतात. आपल्या विद्यार्थ्याची अडचण शब्दांची नव्हती, मैदानाची होती. त्याच्या साहेबांना कोणी 'पोबारा' किंवा 'कच्चा लिंबू' म्हणून पाहावे. तेही असेच गोंधळतील. त्यावरून कोणी त्यांची बुद्धी मोजणार नाही. मग त्याने तरी स्वतःची का मोजावी?

५. मैदानाचे दार

येथवर भाषेचा धडा झाला. परंतु मैदानाची गोष्ट करताना एक प्रश्न आपल्यासारख्या संस्थेला टाळता येत नाही: त्या मैदानावर पाऊल ठेवण्याची मुभा कोणाला होती?

अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात १८७६ मध्ये जन्मलेले पाळवणकर बाळू हे भारताच्या पहिल्या श्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक. पुण्यात तुटपुंज्या पगारावर इंग्रज खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांनी आपली कला घडविली. हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज होती, म्हणून मैदानावर त्यांना घेतले गेले. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू मंडपात कपबशीतून चहा पीत, तेव्हा बाळूंना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. चेंडू सर्वांच्या हातून फिरत होता, कप मात्र फिरत नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

बेसबॉलची कथा याहून निराळी नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच न्यूयॉर्कमध्ये तेव्हा बेसबॉलचे मोठे सामने रंगत; पण प्रमुख संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी कायदा कोठेही नव्हता; संघमालकांचा अलिखित करार मात्र पक्का होता. कृष्णवर्णीयांनी आपली वेगळी मैदाने उभी केली, १९२० मध्ये आपली वेगळी लीग स्थापन केली. अखेर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हे ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरले आणि ती भिंत कोसळू लागली. शिवीगाळ आणि धमक्या सोसून ते खेळत राहिले व त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले. १९९७ मध्ये त्यांचा ४२ हा क्रमांक सर्व प्रमुख संघांनी कायमचा राखून ठेवला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू त्यांच्या सन्मानार्थ ४२ क्रमांकाचाच सदरा घालतात. आपण भीमजयंती साजरी करतो, त्याचा हा दुसरा दिवस; हा योगायोग आमच्या मुलांना विशेष आवडतो.

या दोन कथांवरून एक गोष्ट दिसते. शब्दाला कोणी दारात अडवीत नाही. तो बैठकीत, बातमीत, घरात सहज शिरतो. माणसाला मात्र अडविले जाते. ज्यांना मैदानावर प्रवेश नव्हता, त्यांना त्या मैदानाची भाषाही उशिरा मिळाली. आज आपल्या मुलाला 'बॉलपार्क' कळले नाही, यामागे त्याच्या आजोबांना शाळा मिळाली नव्हती हाही एक धागा आहे. मात्र तो धागा ओळखून तेथेच थांबायचे नाही. बाळू व रॉबिन्सन यांनी परक्यांच्या मैदानावर जाऊन तो खेळ आपला केला. भाषेच्या मैदानावरही आपल्याला तेच करावयाचे आहे.

६. एक सावधगिरी

वाक्प्रचार शिकावेत, पण त्यांच्या आहारी जाऊ नये. खेळाचा नियम जीवनाला जसाच्या तसा लावला की काय होते, याचे एक गंभीर उदाहरण अमेरिकेतच आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९४ मध्ये एक कायदा केला. दोन गंभीर गुन्ह्यांनंतर तिसरा गुन्हा घडला, की किमान २५ वर्षे ते जन्मठेप. त्याला लोकांनी बेसबॉलवरून 'थ्री स्ट्राइक्स' हे नाव दिले. 'तीन चुका, मग बाद,' हे घोषवाक्य कानाला गोड लागते. पण या कायद्याखाली गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्या एका इसमास २५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा झाली आणि २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे २०१२ मध्ये मतदारांनीच तो कायदा सौम्य केला. मैदानावर बाद झालेला गडी पुढच्या डावात परत येतो. तुरुंगात गेलेल्याचा डाव परत येत नाही. खेळाचा शब्द कायद्यात शिरताना हा भेद हरवला.

आपणही निवडणुकीला 'आखाडा' म्हणतो. आखाड्यात एक जिंकतो आणि दुसऱ्याच्या पाठीला माती लागते. बाकीचे केवळ प्रेक्षक. लोकशाहीत मात्र हरलेल्या पक्षालाही सभागृहात काम असते आणि मतदार हा प्रेक्षक नसतो. शब्द वापरताना, तो आपल्याला कोणत्या जागी बसवितो आहे, हे पाहण्याची सवय असावी. बुद्धांनी सांगितलेल्या सम्यक वाचेचा एक अर्थ आम्ही मुलांना असाही सांगतो: शब्द उच्चारण्यापूर्वी त्याचे वजन हातात घेऊन पाहा.

७. स्वाध्याय

हा धडा आहे, तेव्हा शेवटी स्वाध्याय आलाच.

(१) माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी ऐकलेले, प्रथम न कळलेले दहा इंग्रजी वाक्प्रचार लिहून शाळेकडे पाठवावेत. प्रत्येकापुढे तो कोणत्या संदर्भात ऐकला, हे लिहावे. त्यांची हस्तलिखित पोथी आम्ही ग्रंथालयात ठेवू. पुढच्या तुकडीला पहिल्याच महिन्यात कोणी हसू नये, एवढाच त्यामागील हेतू.

(२) सध्याच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांना ते लहानपणी कोणते खेळ खेळत, हे विचारावे. त्या खेळांतील मोजणीचे, बाद होण्याचे, चिडविण्याचे शब्द जसे ऐकू येतील तसे लिहून घ्यावेत. वऱ्हाडी उच्चार 'शुद्ध' करण्याच्या भानगडीत पडू नये.

(३) पालकांनी मुलांना 'टोलवाटोलवी' या शब्दावर स्वतःचा एक अनुभव सांगावा. कोठे, किती फेऱ्या झाल्या आणि शेवटी काम कसे झाले, तेही सांगावे. मुलांना शब्दाबरोबर चिकाटीही मिळेल.

ज्या विद्यार्थ्याच्या दूरध्वनीने या लेखाचा आरंभ झाला, त्याचा अलीकडे पुन्हा दूरध्वनी आला होता. त्याच्या कंपनीत परभणीकडची एक नवी मुलगी रुजू झाली आहे. तिच्या पहिल्याच बैठकीत साहेबांनी तोच शब्द वापरला. "मी हळूच तिला सांगितले," तो म्हणाला, "की अंदाजे आकडा सांग, कुंपणाच्या आतला."

खो-खोत बसलेल्या गड्याला मागून खो मिळतो. कामात खो घालणे हा दुर्गुण असला, तरी आपल्या गड्याला वेळेवर खो देणे हा त्या खेळाचा प्राण आहे. शाळेने या विद्यार्थ्याला दिला, त्याने त्या मुलीला दिला. आता उठून धावण्याची पाळी तिची.